केताचा हात

ज्युदो शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कुणाला आपटायला शिकवत नाहीत. आधी स्वतः पडायला शिकवतात आणि मग टॅप करायला. गळा आवळला गेला, कोपर उलटं ताणलं गेलं आणि सहन होईना, की मोकळा तळहात मॅटवर दोनदा आपटायचा. हात अडकले असतील तर पाय आपटायचा. समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. अजून थोडं धरून बघू, असं नसतं. एकमेकांची हाडं मोडण्याची विद्या आम्ही एकमेकांच्याच अंगावर शिकतो, ती या दोन आवाजांच्या भरवशावर.

सांगलीत हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचा हॉल आहे. मॅटच्या पोटात इतकी हळद मुरलीय की उन्हाळ्यात घामेजली पाठ टेकली की गी, म्हणजे आमचा तो जाड पांढरा पोशाख, पिवळा पडतो. इथेच मी शिकले, इथेच शिकवलं, आणि माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी केतकी इथेच माझ्याकडून टॅप करायला शिकली. त्या तिच्या हाताचं पुढे काय झालं, ते सांगते.

पण त्याआधी ओसाका सांगायला हवं. पंचविशीत मी तिथे होते. पुण्यात जपानी शिकले होते आणि भाषांतराच्या नोकरीवर गेले होते. मारामारीचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम निघालं, तिथे कुणीतरी सहज विचारलं आणि मी ब्लॅक बेल्ट असल्याचं सांगून बसले. त्यांना पडणारी बाई हवी होती.

तेव्हाची रीत साधी होती. काळा घट्ट पोशाख घालायचा. सांध्यांवर, अगदी बोटांवरसुद्धा, चमकते गोळे चिकटवायचे. भोवती कॅमेरे. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. त्यांच्यावरून संगणक सांगाडा बांधतो आणि त्या सांगाड्यावर चित्रकार हवं ते शरीर चढवतात. माझ्या सांगाड्यावर काय चढवलंय ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. मुठीत मावेल अशी कंबर, वर सगळा भार, आणि कपड्यांच्या नावानं चिंध्या. अशा बांध्याची बाई उभी राहिली तर तोंडावर पडेल, असं मी मोरिवाकींना, आमच्या दिग्दर्शकांना, म्हणाले.

"ती पडण्यासाठीच आहे, बोइते-सान," ते म्हणाले. भोईटे हे माझं आडनाव त्यांना कधी जमलं नाही. माणूस वाईट नव्हता. माझ्या आईसाठी दरवर्षी वाळवलेल्या जर्दाळूंचा डबा द्यायचा.

पुरुष लढवय्यांसाठी कुदो नावाचा दणकट गडी होता. तो एकदा पडायचा, मोरिवाकी मान डोलवायचे आणि कुदो चहाच्या यंत्राकडे जायचा. माझं पडणं मात्र संपायचं नाही. गुडघ्यांवर पड. आता कुशीवर. उठायचा प्रयत्न कर आणि पुन्हा पड, पण जरा हळू. जिंकल्यानंतरच्या हालचाली आम्ही चहाच्या आधी उरकायचो. हरण्याला अख्खा दिवस लागायचा. ओरडण्याचे आवाज वेगळी बाई द्यायची. दोन लेकरांची आई होती, सतत घशाच्या गोळ्या चघळायची. एकदा म्हणाली, मुलं रोज विचारतात, आई, आज तरी जिंकलीस का?

गळा आवळण्याचं दृश्य आलं तेव्हा माझा हात आपसूक मॅटवर आपटला आणि कुदोनं सोडलं. तोही ज्युदोतलाच. मोरिवाकींनी काम थांबवलं. ती हार मानत नाही, ते म्हणाले. तिनं हार मानली की खेळणाऱ्याची मजा संपते. पुन्हा केलं, पुन्हा हात आपटला. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. उजवा तळहात कमरपट्ट्याच्या आत खुपसून ठेवायचा, अंगठा बाहेर. माझा अंगठा लहानपणी मोडून वाकडा बसलाय, तो आकड्यासारखा बाहेर आला. मी विचारलं, चालेल का? मोरिवाकी म्हणाले, उलट छान दिसतंय.

काही वर्षांनी कंबर बोलायला लागली तशी मी परत आले. येताना कपड्यांपेक्षा चित्रकथांची पुस्तकंच जास्त आणली. लढणाऱ्या बायकांच्या गोष्टींचं मला वेड होतं, आजही आहे. मात्र त्या गोष्टींची चाल मला पाठ झाली होती. बाई वाजतगाजत यायची. पहिल्या भागात भलेभले तिला घाबरायचे. मग नवा खलनायक यायचा आणि तो किती ताकदीचा आहे हे वाचकाला कळावं म्हणून तिला लोळवायचा. तिचे कपडे फाटायचे, त्याच मारामारीत त्याचे फाटायचे नाहीत. पुढच्या भागापासून ती नायकाच्या जखमा बांधायची. म्हणजे शूर बाई ही तिथे मोजपट्टी होती. दुसऱ्याची उंची मोजायला वापरायची. सगळ्याच गोष्टी तशा नव्हत्या. काही लेखक, आणि लेखिका तर नक्कीच, तिला शेवटपर्यंत उभी ठेवायचे. पण त्या गोष्टी शोधाव्या लागत.

केतकी शाळेतून थेट माझ्याकडे यायची. भडंगाची वाटी मांडीवर घेऊन म्हणायची, मावशी, वाच. मी चित्रं दाखवत मराठीतून सांगायचे आणि ती बाई लोळवली जायची पानं आली की दोनतीन पानं एकदम उलटायचे. केतकीच्या गोष्टीत तिची आवडती लाल कमरपट्ट्यावाली कधी हरलीच नाही. आठवीत पोरीनं माझ्याकडूनच जपानी शिकायला घेतलं आणि एक दिवस पुस्तक घेऊन दारात उभी राहिली.

"मावशे, तू तर सगळ्या बायकांना जिंकवलंस गं," ती हसत म्हणाली. "तू लिहायला हवी होतीस ही पुस्तकं."

रागावली नाही. पण ते तिच्या मनात राहिलं. पुढे ती देशासाठी खेळली, पदकं आणली, मग गुडघ्यानं दगा दिला. तिशीत घरी बसायची वेळ आली तेव्हा ओसाकाच्याच एका दुसऱ्या कंपनीतून फोन आला. हायासाका नावाच्या बाईंचा. त्या स्वतः सांगलीला आल्या, हॉल पाहिला, जिना चढताना हळदीनं शिंकल्या. त्यांनीही लहानपणी तीच पुस्तकं वाचली होती. त्यांच्या घरी पानं उलटणारी मावशी नव्हती, एवढाच फरक. आपल्याला आता खरी लढणारी बाई घडवायचीय, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला त्या आवडल्या.

मधल्या काळात रीत बदलली होती. गोळे गेले, कॅमेरे गेले. आता अंगाला चिकटणारा जाळीचा पोशाख आला होता, त्याच्या धाग्याधाग्यात विजेच्या खुणा टिपण्याची सोय. आपला स्नायू हलायच्या आधी त्यात एक बारीकसा विद्युत संदेश उमटतो. पोशाख तो संदेशच पकडतो. हालचाल नव्हे, हालचालीची इच्छा. डोक्यावरची टोपी मेंदूच्या वरवरच्या लहरी टिपते. असं महिनोन्‌महिने टिपलं की संगणकात त्या माणसाचं देहबिंब तयार होतं. कुदोचं असायचं तसं ठरलेलं एकच पडणं ते दाखवत नाही. कधीच न घडलेला धक्का दिला तरी तो माणूस जसा सावरला असता, तसं ते सावरतं. शिकलेल्या शरीराची स्मृती, शरीराविना.

त्यात एक अडचण होती. लाखो लोक खेळू लागले की बिंबही नवं नवं शिकत जातं आणि मूळ माणसापासून दूर सरकतं. म्हणून ठरावीक काळानं जुळवणी करावी लागते. जिवंत माणसानं पोशाख घालून आडवं व्हायचं. बिंबानं जे सोसलं ते पोशाख सौम्य दाबानं आणि झिणझिण्यांनी त्याच्या अंगावर उमटवतो, अंग त्याला प्रतिसाद देतं, आणि त्या प्रतिसादानं बिंब पुन्हा ताळ्यावर येतं. दुखत नाही, केतकी सांगायची. कुणी लांबून आठवण करून दिल्यासारखं वाटतं.

तिनं अटी घातल्या होत्या. पूर्ण गी, गळपट्टीपर्यंत शिवलेला, कधीही न फाटणारा. खरे डाव. पुरुषांनाही पाडता येतील असे. कंपनीनं सगळ्या पाळल्या. गेममधल्या तिच्या लढवय्यीचं नाव ठेवलं केता. मी पहिल्यांदा केताला बघितलं तेव्हा लगेच ओळखलं. रुंद खांदे, भक्कम मांड्या, पैलवानासारखा मोडलेला कान, आणि समोरच्याचा तोल जाईपर्यंत वाट बघायची केतकीची ती सवय. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत फ्लेक्स लागला. त्यावर नगरसेवकाचा फोटो केतकीपेक्षा मोठा होता, आणि केतकी म्हणाली, बघ मावशे, इथेही मी मोजपट्टीच.

केता जगभर गाजली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जमिनीवरच्या पकडीत सापडली की केता तळहात दोनदा आपटते.

कंपनीनं ते घातलं नव्हतं. ते केतकीच्या अंगातून आलं होतं, मी शिकवलेलं. गेममध्ये मात्र त्याला काही अर्थ नव्हता. फेरीची वेळ संपेपर्यंत पकड राहायची. खेळणारे ते पकडून ठेवायचे आणि ती आपटत राहायची. त्याच्या चित्रफिती पसरल्या. पुरुष लढवय्यांची बिंबंही खऱ्या माणसांची होती, तेही टॅप करायचे. त्यांना कुणी धरून ठेवत बसलं नाही. ते लोकांना कंटाळवाणं वाटायचं.

तक्रारीही आल्या. ती इतक्यात हार मानते, मजा जाते. मोरिवाकी जाऊन किती वर्षं झाली, वाक्य तेच. हायासाकाबाईंनी वरिष्ठांशी भांडून पाहिलं. निदान केतानं हात आपटला की पकड सुटावी एवढी सोय करा, म्हणाल्या. पण त्यानं सगळ्या गेमचं गणित बिघडत होतं. शेवटी केताच्या हाताचा तो प्रतिसाद कापला. काही दिवसांत ती पाय आपटू लागली. पाय कापला. मग तिच्या पापण्या दोनदा घट्ट मिटू लागल्या. कसलेल्या शरीराची सवय एका जागी राहत नाही, पाण्यासारखी वाट काढते. आता ती कुठून निघेल, हे शोधणं हाच लोकांचा खेळ झाला. हे सगळं हायासाकाबाईंनी मला फोनवर सांगितलं. बोलताना सारख्या थांबत होत्या. बिंबाला वेदना होत नाही, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. वेदना नाही, फक्त वेदनेचा आकार आहे.

आणि इकडे जुळवण्या चालूच होत्या.

त्या उन्हाळ्यात केतकी ओसाकाहून सुट्टीवर आली. हॉलमध्ये झीनत होती, मिरजेच्या मुल्लांची, माझी सध्याची सगळ्यात चांगली पोरगी. केतकीताईबरोबर खेळायला मिळणार म्हणून लवकर येऊन मॅट पुसून बसली होती. दोघी हसतखेळत भिडल्या. झीनतनं खाली तिचं कोपर धरलं, नीट, मी शिकवलं तसं हळूहळू ताणत, टॅपची वाट बघत. टॅप आला नाही. मी भिंतीशी बसले होते. केतकीचा डावा हात मोकळा होता. तळवा वर करून मॅटवर पडला होता, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. मी सोड म्हणेपर्यंत कोपरानं आवाज केला.

केतकी ओरडली नाही. झीनतच रडत होती. "मॅडम, ताईंनी टॅपच केलं नाही. मी वाट बघत होते."

दवाखान्यातून येताना रिक्षात मी केतकीला विचारलं. 

"दुखत होतं गं. चांगलंच दुखत होतं," ती म्हणाली. "पण आपटावं असं हाताला वाटलंच नाही. आपटलं की सोडतात, हे त्याला आता खरं वाटतच नाही."

यात काही चमत्कार नाही. घंटा वाजली की खायला मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याच्या तोंडाला घंटेनं पाणी सुटतं. मग नुसतीच घंटा वाजवत राहा, खायला देऊ नका. हळूहळू पाणी सुटणं थांबतं. जुळवणीत प्रत्येक वेळी केतकीचं अंग टॅप करत होतं आणि प्रत्येक वेळी पकड तशीच राहत होती. बिंब तिच्याकडून शिकत होतं, तशीच तीही बिंबाकडून शिकत होती. कंपनीच्या लोकांनी बिंबाची काळजी घेतली. बाईची घ्यायची असते हे कुणाला सुचलं नाही, कारण दुखत तर नव्हतं.

मी म्हटलं, आता पुरे, परत जाऊ नकोस. शनिवारचं विमान होतं, पुढची जुळवणी ठरलेली. टॅप न करणाऱ्या माणसाला मॅटवर उतरता येत नाही. एखाद दिवशी गळा धरला जाईल आणि धरणाऱ्याला कळणारही नाही. केतकी ऐकेना. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "मी गेले नाही तर ते तिला आहे तशीच चालवतील. पापण्यासुद्धा कापतील. मी गेले तर निदान काहीतरी परत जाईल तिच्यात."

"ती म्हणजे कोण गं? आकडेमोड आहे ती."

"तू खेळून बघ," ती म्हणाली. "मग सांग आकडेमोड."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं जेवायला गेल्यावर, तिनं हॉलच्या भिंतीवर पडदा लावला. आम्ही मॅटवर शेजारी बसलो. माझ्या हातात रिमोटसारखं ते यंत्र दिलं, बटणं समजावली. माझी बोटं वाकडी, पण ज्युदो कळतो ना. समोरच्याचा तोल कधी जातो ते बटणावरूनही कळतं. दोनदा केतानं मला पाडलं. मग तिसऱ्यांदा ती माझ्या खाली आली आणि माझ्या लढवय्यानं तिचा गळा धरला.

नवी दुरुस्ती नुकतीच आली होती. केताचा चेहरा शांत होता. पापण्याही हलत नव्हत्या. मी तिच्या हाताकडे पाहिलं, सवयीनं. आयुष्यभर मी पकडीत सापडलेल्या माणसाचा हातच बघत आलेय. उजवा तळहात कमरपट्ट्याच्या आत खुपसलेला होता. अंगठा बाहेर. आकड्यासारखा वाकडा.

मी माझ्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे. जुन्या कंपन्या विकल्या जातात, त्यांच्या हालचालींचे साठेही विकले जातात. कुणीतरी शोधलं असणार: गळा आवळलेला असताना हात न आपटणारी बाई. त्यांना ती मिळाली. केतकीच्या शरीराला त्यांनी माझा हात जोडला होता. तिच्या अंगावर पुढच्या जुळवणीत उमटणार होता तो हात माझा होता.

"मावशी?" केतकी म्हणाली. "काय झालं?"

मी सोडायचं बटण शोधत होते. एकेक करून सगळी दाबून पाहिली. एकानं पकड घट्ट होत होती, एकानं कॅमेरा जवळ जात होता, एकानं कोन बदलत होता. सोडायचं बटण त्या यंत्रावर नव्हतं. ते कधी कुणाला लागलंच नव्हतं.

"मावशी, तुझा अंगठा," केतकी हळूच म्हणाली. तिलाही दिसलं होतं.

आणि माझ्या शेजारी, हळद मुरलेल्या त्या मॅटवर, तिचा डावा तळहात दोनदा आपटला. स्पष्ट. मी पहिल्या दिवशी शिकवला होता तसा.

शनिवारचं विमान तिच्याविना गेलं, हे इथेच सांगून ठेवते. पण त्या क्षणी आम्हाला दोघींनाही तसलं काही सुचलं नाही. ती आपल्या हाताकडे बघत होती. मी यंत्र खाली टाकून दोन्ही हात वर केले, टॅप आल्यावर करतात तसे, कुणालाही दिसतील असे.

पडद्यावर पकड तशीच होती.